मोटर घेण्याआधी यंत्र मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, मडकई, कुंकळ्ळी, होंडा अशा कुठल्याही औद्योगिक वसाहतीजवळच्या वाइंडरच्या (मोटरची तार पुन्हा गुंडाळणाऱ्या कारागिराच्या) दुकानात जळालेल्या मोटरी येऊन पडू लागतात. कारण विचारले तर दोनच उत्तरे मिळतात: ‘व्होल्टेज नव्हते’ किंवा ‘मोटर कमी पडली’. पहिल्या उत्तरावर वीज खात्याला दोष दिला जातो. दुसऱ्यावर पुढच्या साइजची मोटर आणली जाते. साडेसात एचपीच्या जागी दहा, दहाच्या जागी पंधरा. यंत्र तेच, माल तोच, वेगही तोच. मग पुन्हा काहीतरी तुटते आणि या खेपेला ती मोटर नसते, गिअरबॉक्स असतो. मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्यापासून पडून असलेले माल वाहणारे पट्टे, ट्रॉमेल (फिरत्या चाळण्या), क्रशर आणि पंप आता लिलावानंतर टप्प्याटप्प्याने पुन्हा फिरू लागत आहेत. तेव्हा हीच चूक मोठ्या किलोवॅटमध्ये होईल, अशी भीती वाटते. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे. लहान कारखानदार, फिटर आणि वायरमन यांनी हे पत्र कापून पॅनलच्या दारावर चिकटवले तरी चालेल.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘किती एचपी?’ खरे तर हा शेवटचा प्रश्न आहे. आधी यंत्राला किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो आणि तो कोणत्या वेगाला, हे कळले पाहिजे. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घ्यावा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि ९५५० ने भागावे, की किलोवॅट मिळतात. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट. ५० हर्ट्झवर दोन पोलची (चुंबकीय ध्रुवांची) मोटर ३००० च्या, चार पोलची १५०० च्या आणि सहा पोलची १००० च्या किंचित खाली फिरते. त्यामुळे त्याच किलोवॅटची सहा पोलची मोटर चार पोलच्या दीडपट टॉर्क देते. पोल न बघता फक्त एचपी जुळवून मोटर बदलली, की यंत्राची चाल बदलते. पंखा किंवा पंप असेल तर त्याचा भारही बदलतो.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. तासाला २०० टन खनिज नेणारा, ४० मीटर लांबीचा आणि ८ मीटर चढाचा पट्टा घेऊ. नुसते वर उचलण्याची शक्ती म्हणजे टन प्रतितास गुणिले उंची भागिले ३६७, अर्थात ४.४ किलोवॅट. रोलर, पट्ट्याचे वजन, स्कर्ट आणि स्क्रेपर यांच्या घर्षणाला आणखी ३ किलोवॅट धरले, की ड्रमवर ७.४ किलोवॅट झाले. पट्टा सेकंदाला १.२५ मीटर चालतो आणि ड्रम ४०० मिलिमीटरचा आहे, म्हणजे ड्रमचे मिनिटाला ६० फेरे आणि तिथला टॉर्क सुमारे ११८० न्यूटन-मीटर. गिअरबॉक्स आणि साखळीत मिळून ११ टक्के शक्ती जाते असे धरले, तर मोटरच्या शाफ्टवर ८.३ किलोवॅट लागतात. बाजारात याच्या वर ९.३ आणि ११ मिळतात. पावसात ओले खनिज पट्ट्याला चिकटते, स्क्रेपरवर दाब वाढतो, म्हणून ११ घेणे योग्य. भार ७५ टक्के राहतो आणि हीच मोटरची सर्वांत सुखाची जागा आहे. इथे १५ किंवा १८.५ लावायला काहीही कारण नाही.

चालू यंत्राचा हिशेब इथे संपतो. आपल्याकडच्या बहुतेक मोटरी मात्र चालताना जळत नाहीत. त्या सुरू होताना जळतात.

पट्टा रिकामा असताना कोणतीही मोटर तो हलवते. पण जूनमधल्या एखाद्या दुपारी माडाचे चुडत तारेवर पडते, वीज जाते आणि पट्टा वरपासून खालपर्यंत ओल्या मालाने भरलेला तसाच थांबतो. अर्ध्या तासाने वीज आली की तो भरलेलाच उचलायचा असतो. गोव्यात मोटरची निवड या क्षणासाठी करायला हवी. थांबलेला भरलेला पट्टा हलवायला चालू टॉर्कच्या सुमारे १.४ पट लागतात. वरच्या उदाहरणात मोटरच्या शाफ्टवर चालू टॉर्क ५४ न्यूटन-मीटर आहे, म्हणजे उठवायला ७६ हवेत. ११ किलोवॅटच्या चार पोल मोटरचा पूर्ण भाराचा टॉर्क ७२. कॅटलॉगप्रमाणे सुरुवातीचा टॉर्क २.२ पट धरला तर थेट (एकदम पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) स्टार्टरवर तो १५८ होतो. इथपर्यंत ठीक आहे.

आता त्याच मोटरला स्टार-डेल्टा स्टार्टर लावा; तो मोटर आधी स्टार जोडणीत कमी व्होल्टेजवर सुरू करतो आणि मग डेल्टात पूर्ण व्होल्टेजवर आणतो. स्टारमध्ये लाइनचा करंट एक-तृतीयांश होतो, हे सगळ्यांना पाठ आहे. टॉर्कही एक-तृतीयांश होतो, हे विसरले जाते. १५८ चे ५३ झाले, हवेत ७६. मोटर गुरगुरत जागेवर उभी राहते आणि पूर्ण भाराच्या दुपटीहून जास्त करंट ओढत राहते. आठ-दहा सेकंदांनी टायमर डेल्टा जोडतो, तेव्हा ती अजून थांबलेलीच असते. मग थेट स्टार्टरइतका झटका बसतोच, वर बदलाच्या क्षणाचा जास्तीचा धक्का बसतो. म्हणजे करंट वाचला नाही, वाइंडिंग मात्र आधीच तापले. तीन-चार वेळा बटण दाबले की धूर येतो. मग म्हणतात, ‘मोटर कमी पडली’. मोटर पुरेशी होती, स्टार्टर चुकला होता. स्टार-डेल्टा वाईट नाही. सेंट्रिफ्यूगल पंपाला किंवा रिकाम्या सुरू होणाऱ्या लेथला तो उत्तम. भरलेला पट्टा, बॉल मिल (दळणारे फिरते पिंप), लॉग वॉशर (खनिज धुण्याचे यंत्र) आणि मालासकट अडकलेला क्रशर यांना तो लावू नये. लॉग वॉशरच्या टबात वीज गेल्यावर वाळू आणि खनिज खाली बसते, तेव्हा चालू टॉर्कच्या दोन ते अडीच पट लागू शकतात. तिथे स्लिप-रिंग मोटर आणि रोटर रेझिस्टन्स, किंवा मिनिटभर दीडपट करंट देऊ शकणारा हेवी-ड्युटी व्हीएफडी (फ्रीक्वेन्सी बदलून वेग ठरवणारा ड्राइव्ह) हेच खरे पर्याय. सॉफ्ट स्टार्टर (व्होल्टेज हळूहळू वाढवणारा) घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. व्होल्टेज ७० टक्क्यांवर आणले की टॉर्क ४९ टक्क्यांवर येतो.

याच ठिकाणी केबलचा मुद्दा येतो. पॅनल एका टोकाला आणि पट्ट्याची मोटर १२० मीटरवर, मधे १० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल, असे दृश्य नवे नाही. ११ किलोवॅटची मोटर चालताना २० अँपिअर घेते. तेवढ्याला ही केबल पुरते आणि वायरमन समाधानी असतो. सुरू होताना मात्र १३० अँपिअर जातात आणि केबलमध्येच सुमारे ४० व्होल्ट संपतात. व्होल्टेज १० टक्के कमी म्हणजे टॉर्क १९ टक्के कमी. फीडरच्या शेवटी असलेल्या गावात ४१५ ऐवजी ३६० व्होल्ट मिळत असतील तर टॉर्क तीन-चतुर्थांशच उरतो आणि स्टार-डेल्टावर जेमतेम एक-चतुर्थांश. म्हणून व्होल्टेज मोजायचे तर मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये आणि मोटर सुरू होत असताना मोजावे. रात्री पॅनलवर ४२० दिसले याचा इथे काही उपयोग नाही.

दुसरा दुर्लक्षित विषय जडत्वाचा, म्हणजे फिरणारी वस्तू वेग बदलायला जो विरोध करते त्याचा. मोठे पंखे, सेंट्रिफ्यूज आणि फ्लायव्हील असलेली यंत्रे चालताना थोडी शक्ती घेतात, पण वेग घ्यायला फार वेळ लावतात. समजा, ३० किलोवॅट घेणारा धूळ-शोषक पंखा आहे, जडत्व ४० किलोग्रॅम-मीटर वर्ग, थेट कपलिंगवर, १४८० फेरे. ३७ किलोवॅटची मोटर निवडली. चालू भारासाठी ती अगदी बरोबर आहे. तिचा टॉर्क २३९ न्यूटन-मीटर. थेट स्टार्टरवर वेग घेताना ती सरासरी १.८ पट म्हणजे ४३० देते, त्यातून पंख्याचा सरासरी भार ६५ वजा केला की वेग वाढवायला ३६५ उरतात. १४८० फेरे म्हणजे सेकंदाला १५५ रेडियन. ४० गुणिले १५५ भागिले ३६५, म्हणजे १७ सेकंद. अनेक मोटरींना तापलेल्या स्थितीत दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ हा करंट सोसत नाही, उत्पादकाच्या माहितीपत्रकात ही मर्यादा दिलेली असते. स्टार-डेल्टावर सरासरी १४३ वजा ६५, म्हणजे ७८ उरतात आणि वेळ जातो ८० सेकंदांवर. ओव्हरलोड रिले (जादा करंटला मोटर बंद करणारा) पडतो. मग कुणीतरी रिलेची सेटिंग वाढवतो. मोटरचा मृत्यू त्याच दिवशी लिहिला जातो. डँपर बंद करून पंखा सुरू करणे चांगलेच, पण त्याने पात्यांचे जडत्व कमी होत नाही, या उदाहरणात जेमतेम दीड सेकंद वाचतो. उपाय व्हीएफडीचा. ९० सेकंदांची चढती चाल दिली तर मोटरवर शेवटच्या क्षणीही सुमारे ११० टक्केच टॉर्क येतो. थांबवतानाही तेवढाच वेळ द्यावा, नाहीतर फिरता पंखा वीज उलटी ढकलतो आणि ड्राइव्ह जादा व्होल्टेज दाखवून बंद पडतो.

जडत्वाचा आकडा वाचताना एक फसगत होते. जुन्या जपानी आणि जर्मन कॅटलॉगांत जीडी-स्क्वेअर दिलेला असतो. तो जडत्वाच्या चौपट असतो. चारने न भागता तोच आकडा वापरला तर वेळ चौपट निघतो आणि अवाढव्य मोटर घेतली जाते. उलट चूक झाली तर मोटर जळते. पुलीचा पट्टा किंवा गिअर मधे असेल तर यंत्राचे जडत्व वेगाच्या गुणोत्तराच्या वर्गाने मोटरकडे येते: ९०० फेऱ्यांचा पंखा आणि १४७० ची मोटर असेल तर ०.३७५ पट. यामुळेच मोटरवर मोठी पुली बसवून पंखा ‘थोडा जास्त’ फिरवण्याचा मोह महागात पडतो. जडत्व वर्गाने वाढते आणि पंख्याची शक्ती वेगाच्या घनाने. जुनी १४४० फेऱ्यांची मोटर काढून नवी आयई-३ (जास्त कार्यक्षम) मोटर लावली आणि ती १४६५ ने फिरू लागली, तर पंखा किंवा पंप ५ टक्के जास्त शक्ती घेतो. कार्यक्षमतेत मिळवलेले सगळे तिथेच निघून जाते. मोटरची पुली तेवढ्या प्रमाणात लहान करावी किंवा इंपेलरचा व्यास कमी करून घ्यावा.

पंपांबद्दल गोव्यात एक वेगळी अडचण आहे. तासाला ६० घनमीटर पाणी ३० मीटर चढवणारा आणि ६८ टक्के कार्यक्षमतेचा पंप ७.२ किलोवॅट घेतो. ७.५ ची मोटर कागदावर पुरते, पण ती लावू नये. १५ टक्के जास्त धरून ९.३ घ्यावी. कारण खाणीचा खड्डा पावसाने काठोकाठ भरतो तेव्हा पाण्याची पातळी वर येते, पंपाला कमी उंची चढावे लागते आणि तो ठरल्यापेक्षा जास्त पाणी फेकू लागतो. सेंट्रिफ्यूगल पंपाचा प्रवाह वाढला की सहसा शक्तीही वाढते. त्यामुळे पाणी तळाशी असताना व्यवस्थित चालणारी मोटर खड्डा भरलेला असताना जास्त तापते. हे अनेकांना उलटे वाटते. अशा वेळी डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळावा आणि अँपिअर बघत तो हळूहळू उघडत न्यावा. पाण्याबरोबर गाळ येत असेल तर त्याची घनता धरावी. १.३ घनतेचा गाळ म्हणजे ३० टक्के जास्त किलोवॅट. स्वच्छ पाण्याच्या कर्व्हवरून निवडलेली मोटर टेलिंगच्या (खनिज धुऊन उरलेल्या गाळाच्या) पाण्यावर टिकत नाही.

भार सतत बदलत असेल तर सरासरी काढू नये, प्रत्येक टप्प्याच्या किलोवॅटचा वर्ग वेळेने गुणून, बेरीज एकूण वेळेने भागून वर्गमूळ घ्यावे. पोदेरांच्या, म्हणजे पाववाल्यांच्या, भट्टीतला पीठ मळण्याचा मिक्सर बघा: पहिली २ मिनिटे १.२ किलोवॅट, नंतर ६ मिनिटे घट्ट पिठात २.४, मग रिकामा करताना ४ मिनिटे ०.३. उत्तर येते १.८ किलोवॅट. २.२ ची मोटर पुरते आणि २.४ चा टप्पा ती सहज पेलते. तीन एचपीचा मिक्सर असताना पाच एचपीची मोटर शोधत फिरण्याची गरज नाही. मात्र मोटर पूर्ण बंद करत असाल तर तिचा पंखाही थांबतो. तो विश्रांतीचा वेळ पूर्ण न धरता एक-तृतीयांश धरावा.

‘मोठी घेतली तर बिघडले काय?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो. वरच्या पट्ट्यावर ११ ऐवजी २२ किलोवॅट लावून बघू. भार ३८ टक्क्यांवर येतो, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामी येणारा हिस्सा) ०.८ च्या वरून ०.६५ च्या आसपास घसरतो. तेच काम करायला सुमारे ११ ऐवजी १४ केव्हीए लागतात आणि एचटी (उच्च दाबाच्या) ग्राहकाचा मागणी-आकार केव्हीएवरच असतो. सुरुवातीचा करंट १३० वरून अडीचशे अँपिअरवर जातो. शेजारच्या मोटरींचे कॉन्टॅक्टर थरथरू लागतात. यातले काही कपॅसिटरने सांभाळता येते. सांभाळता येत नाही तो टॉर्क. ११ किलोवॅटची मोटर अडकलेल्या यंत्रावर कमाल १८० न्यूटन-मीटर देऊन थांबते, २२ ची ३५५ पर्यंत जाते. गिअरबॉक्स ११ किलोवॅटला दीड सर्व्हिस फॅक्टर (दीडपट राखीव क्षमता) धरून घेतलेला असेल तर तो क्षणभर २१५ पर्यंत सोसतो. पट्ट्यात दगड अडकला की पूर्वी मोटर थांबायची, आता गिअरचे दात जातात. ओव्हरलोड रिले २२ किलोवॅटच्या आकड्यावर लावलेला असल्याने त्याला काही कळतच नाही. मोटरची किंमत आणि गिअरबॉक्सची किंमत शेजारी ठेवून बघावी, आणि सुट्या भागासाठी कारखाना किती दिवस बंद राहतो तेही.

आहे ती मोटर किती भारावर चालते हे कसे ओळखायचे? क्लँप मीटरचा करंट नेमप्लेटच्या करंटने भागून नव्हे. १५ किलोवॅटची मोटर पूर्ण भाराला २७ अँपिअर घेते, रिकामी फिरतानाही १० घेते आणि अर्ध्या भाराला १५-१६. १३ अँपिअर बघून ‘अर्धा लोड’ म्हणणारा चुकतो. तो सुमारे एक-तृतीयांश आहे. त्यासाठी किलोवॅट दाखवणारा मीटर लावावा, तोही पूर्ण शिफ्टभर, आणि मिळालेल्या किलोवॅटला कार्यक्षमतेने गुणावे. मीटर नसेल तर टॅकोमीटरने अंदाज येतो: नेमप्लेटवर १४६० म्हणजे स्लिप (१५०० पेक्षा कमी पडणारे फेरे) ४०, प्रत्यक्ष १४८० फेरे मिळाले म्हणजे स्लिप २०, भार सुमारे निम्मा. नेमप्लेटच्या स्लिपमध्ये वीस टक्के इकडेतिकडे चालते, म्हणून हा अंदाजच समजावा. आणि मोटर दोन-तीनदा रिवाइंड झालेली असेल तर पाटीवर विसंबू नये. तारेचा गेज किंवा वेढे बदललेले असू शकतात. जुने वाइंडिंग काढताना कोअर भट्टीत जास्त तापवला गेला असेल तर लोखंडातला तोटा कायमचा वाढलेला असतो. वाइंडरकडून गेज, वेढे आणि रिकामा करंट लिहून घ्यावा. चांगले वाइंडर ते आनंदाने देतात.

भार तपासतानाच तिन्ही फेजांचे व्होल्टेज बघावे. ४१८, ४०५ आणि ३९७ मिळाले तर सरासरी ४०७ आणि असमतोल २.८ टक्के. आकडा क्षुल्लक दिसतो, पण वाइंडिंगची तापवाढ साधारण असमतोलाच्या वर्गाच्या दुप्पट टक्क्यांनी, म्हणजे इथे १५ टक्क्यांनी वाढते. अशा पुरवठ्यावर मोटर नव्वद टक्केच क्षमतेची धरावी आणि शेडमधले सिंगल फेज भार तीन फेजांत नीट वाटून घ्यावेत. असमतोल बाहेरून येत असेल तर हेच लिहिलेले आकडे घेऊन वीज खात्याकडे जावे. ‘व्होल्टेज बरोबर नाही’ एवढ्याने काम होत नाही.

आपली हवा हा निवडीचाच भाग आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळ ४५ अंशांच्या वर तापमान जाते आणि मोटर ४० अंशांसाठी असेल तर ५० अंशांना तिची क्षमता सुमारे ८ टक्के कमी धरावी. मर्यादेपेक्षा दर दहा अंश जास्त तापले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते. एफ क्लास इन्सुलेशन आणि बी क्लास तापवाढ असे लेखी मागून घ्यावे, मग हातात २५ अंशांची सवलत राहते. खनिजाची लाल भुकटी पंख्याच्या जाळीवर आणि फिन्सवर बसते आणि पाऊस लागला की तिचा चिखल होऊन वाळतो. हे खरवडणे कुणाच्यातरी कामाच्या यादीत नावानिशी असले पाहिजे. उघड्यावरच्या मोटरीला आयपी ५५ (धूळ आणि पाण्यापासून संरक्षण), वर पत्र्याचे छत, केबल ग्लँड खालच्या बाजूने आणि पाणी निघण्याचे छिद्र सर्वांत खाली हवे. मोटर भिंतीवर किंवा उभी बसवली की ते छिद्र भलत्याच बाजूला येते, बसवतानाच ते बघावे. किनाऱ्याजवळच्या बर्फ कारखान्यांनी आणि जहाजदुरुस्ती यार्डांनी इपॉक्सी रंग आणि स्टेनलेस फास्टनर मागावेत. थांबून थांबून चालणाऱ्या मोटरीत आत पाणी जमते, तिला स्पेस हीटर हवाच.

व्हीएफडी लावून पट्टा, मिक्सर किंवा एक्स्ट्रूडर हळू चालवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. टॉर्क तेवढाच लागतो, पण मोटरच्याच शाफ्टवरचा पंखा मंद होतो. साधारण २५ हर्ट्झच्या खाली सतत चालवायचे असेल तर वेगळ्या मोटरचा कूलिंग पंखा घ्यावा. वेर्ण्यातल्या औषध कारखान्यांत अमेरिकेहून ६० हर्ट्झची यंत्रे येतात. ४६० व्होल्ट आणि ६० हर्ट्झच्या मोटरीला ५० हर्ट्झवर ३८० च्या आसपास व्होल्टेज योग्य. थेट ४१५ दिले की लोखंड चुंबकीयदृष्ट्या जास्त भरते आणि ती रिकामीही गरम होते. वेग आणि शक्ती दोन्ही पाच-षष्ठांश होतात, हे यंत्र मागवतानाच धरावे.

निवड बरोबर झाल्यावरही रिलेची सेटिंग चुकीची असते. स्टार-डेल्टात रिले फेजच्या बाजूला असतो, तिथे लाइन करंटच्या ०.५८ पट लावायचे: २७ अँपिअरच्या मोटरीला १५.७. तिथे २७ लावले तर संरक्षण नाहीच. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) बायपास करून ठेवलेला कुठे दिसला तर त्याच दिवशी जोडावा. एका तासात किती वेळा सुरू करायचे यालाही मर्यादा आहे: सर्वसाधारण मोटरीला थंड असताना लागोपाठ दोनदा, तापलेली असताना एकदा. वीज ये-जा करत असताना हे फार सांभाळावे लागते. त्यासाठी पॅनलमध्ये पुन्हा सुरू होण्याआधी थांबवणारा टायमर घालता येतो.

आणि बंद खाण-यंत्रांविषयी. वर्षानुवर्षे उभी असलेली मोटर निवडीत बसते की नाही हे ठरवण्याआधी ती जिवंत आहे का ते पाहावे. सर्व जोडण्या काढून ५०० व्होल्टच्या मेगरने अर्थशी इन्सुलेशन मोजावे. ५ मेगाओमपेक्षा कमी आले तर वीज देऊ नये, आधी हीटरने किंवा ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा मोजावे. शाफ्ट हाताने फिरवावा. एकाच जागी उभे राहून बेअरिंगच्या ट्रॅकवर खुणा पडलेल्या असतात आणि ग्रीस साबणासारखे घट्ट झालेले असते. बेअरिंग बदलूनच सुरू करावी. मोठ्या जुन्या मोटरीच्या जागी नवी घेताना जुन्या पाटीवरचा आकडा उतरवून देऊ नये. वीस वर्षांपूर्वीचा प्लांट ज्या टन-प्रतितासासाठी उभा होता, तोच आता चालणार आहे का, हे आधी विचारावे.

एक सूचना सरकार आणि तांत्रिक संस्थांना. फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने आणि पणजी, डिचोली, कुडचडे येथील सरकारी तंत्रनिकेतनांनी वसाहतींतल्या लहान कारखान्यांना पॉवर अॅनालायझर आणि टॅकोमीटर आठवडाभरासाठी वापरायला द्यावेत, सोबत शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी पाठवावेत. विद्यार्थ्यांचा प्रकल्प होईल आणि कारखानदाराच्या हाती स्वतःच्या यंत्राचा मोजलेला आकडा येईल. तोपर्यंत मोटर विकत घेताना दुकानदाराला एका कागदावर इतके तरी लिहून द्यावे: यंत्राचा टॉर्क आणि फेरे, भरलेल्या अवस्थेत सुरू होते की रिकाम्या, जडत्व, तासाला किती वेळा सुरू होते, टर्मिनलवर सुरू होताना मिळणारे व्होल्टेज, शेडचे तापमान आणि जोडणी पट्ट्याने की कपलिंगने. एचपीची जागा कोरी सोडावी. ती विक्रेत्याच्या अभियंत्याने भरून, हिशेबासह, सही करून द्यावी.

आपला,
एक विद्युत अभियंता, फोंडा